स्वभावाविरुद्ध वागणारी पात्रे : कथासाहित्यातील एक प्राचीन संकेत

अयोध्येत रामाच्या यौवराज्याभिषेकाची सिद्धता सुरू झाली होती. ही आनंदवार्ता लाडक्या राणीला आपण स्वतः सांगावी, या उत्सुकतेने दशरथ राजा कैकेयीच्या महालात गेला. महालात मोर-पोपट होते, वाद्यांचे स्वर होते, सारे वैभव नेहमीसारखे होते. शय्येवर राणी मात्र नव्हती. वाल्मीकींनी या ठिकाणी एक लहानशी नोंद केली आहे. राजाच्या येण्याची ही वेळ कैकेयीने यापूर्वी कधीही चुकविली नव्हती आणि राजानेही तिच्या रिकाम्या महालात कधी पाऊल ठेवले नव्हते. भेदरलेली द्वारपालिका हात जोडून सांगते, की राणी संतापून क्रोधागारात गेल्या आहेत. वनवास, भरताचे राज्य, दोन वर यांपैकी एकही शब्द अजून राजाच्या कानी पडलेला नाही. तरीही त्या रिकाम्या शय्येपाशी अयोध्याकांडाचा सूर पालटतो.

कथा, नाटक आणि चित्रपट यांत वारंवार आढळणाऱ्या एका युक्तीचे हे उत्कृष्ट उदाहरण होय. एखादे पात्र स्वतःच्या स्वभावाशी विसंगत वागू लागते आणि त्या विसंगतीतून काही तरी बिनसल्याचे इतर पात्रांना, निदान वाचकाला, कळते. बोलका मनुष्य गप्प होतो, संयमी मनुष्य हात उगारतो, कंजूष मनुष्य दान देतो, राखणीचा कुत्रा भुंकत नाही. संकट स्वतः रंगमंचावर येण्यापूर्वी त्याची सावली अशी वर्तनावर पडते. या संकेताचे स्वरूप, त्याचे प्रकार आणि त्याच्या यशापयशाची कारणे यांचा येथे परामर्श घेतला आहे.

संकेताचे तीन घटक

हा संकेत तीन गोष्टींनी सिद्ध होतो. पहिली गोष्ट म्हणजे परिपाठ. पात्र एरवी कसे वागते, हे वाचकाला आधी ठाऊक असावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या परिपाठापासून झालेली फारकत. ती जितकी लहान तितकी परिणामकारक ठरते. कैकेयीच्या बाबतीत ती केवळ एक चुकलेली वेळ आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे साक्षीदार. फारकत झाली हे ओळखणारा कुणी तरी हवा आणि त्याला त्या व्यक्तीचा दीर्घ सहवास घडलेला हवा. परक्या माणसाला कैकेयीची रिकामी शय्या ही केवळ रिकामी शय्या वाटली असती.

या तिसऱ्या घटकाकडे सहसा दुर्लक्ष होते. आपण बदललेल्या पात्राकडे पाहतो. त्याच्याकडे पाहणाऱ्या पात्राकडे पाहत नाही. वस्तुतः या प्रकारच्या बहुतेक कथांचा निकाल दुसऱ्या पात्राच्या हाती असतो. बदल दिसला का, दिसल्यावर त्याचा अर्थ काय लावला आणि अर्थ लागल्यावर काय केले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर कथा शोकान्त होणार की सुखान्त, हे ठरते.

दमयंतीचे दोन निष्कर्ष

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. आपल्याकडे रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे या कथेतील स्वयंवराचा भाग अधिक परिचित आहे; प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पुढचा भाग. दमयंतीने देवांना सोडून नलाला वरले म्हणून चिडलेला कली नलाच्या देहात शिरण्याची संधी शोधत राहतो. बाराव्या वर्षी शौचाचारातील एका क्षुल्लक चुकीमुळे त्याला ती मिळते. धर्मनिष्ठ नल पुष्कराबरोबर द्यूत खेळू लागतो आणि महिनोन्महिने उठत नाही. नगरजन आणि मंत्री दाराशी येतात. त्यांच्याशी तो शब्दही बोलत नाही.

कली दमयंतीला दिसत नाही. तिला दिसते ते फक्त एवढेच, की हा मनुष्य आपला नल नव्हे. ती आधी समजावते, विनविते, मंत्र्यांना पुन्हा बोलावते. काहीच उपयोग होत नाही असे दिसताच ती रडत बसत नाही. सारथी वार्ष्णेयाला बोलावून इंद्रसेन आणि इंद्रसेना या दोन्ही मुलांना रथात बसविते आणि विदर्भात, कुंडिनपुरी, आपल्या माहेरी पाठवून देते. राज्य अद्याप गेलेले नाही. सर्वनाश अटळ आहे हे तिने वर्तनावरून ताडले आणि जेवढे वाचविणे शक्य होते तेवढे वाचविले.

या कथेचा उत्तरार्ध हा पूर्वार्धाचे प्रतिबिंब आहे. कर्कोटक नागाच्या दंशाने नलाचे रूप पालटते आणि तो बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. तो कुंडिनपुरी येतो तेव्हा दमयंती केशिनी नावाच्या दासीला त्याच्या हालचालींवर नजर ठेवण्यास पाठविते. त्याने पाहताच रिकामे घडे पाण्याने भरतात, हाती धरलेले गवत आपोआप पेटते, त्याने शिजविलेल्या अन्नाला ओळखीची चव असते आणि दोन्ही मुलांना पाहून त्याला रडू आवरत नाही. हाच नल, असा निर्णय दमयंती करते.

रूप तेच आणि वागणे परके, अशा नलाला तिने परका मानले. रूप परके आणि वागणे तेच, अशा बाहुकाला तिने नल मानले. माणसाची ओळख चेहऱ्यात नसून आचरणाच्या बारीकसारीक खुणांत असते, हे तत्त्व दोन्ही निष्कर्षांच्या मुळाशी आहे. प्रस्तुत संकेताचे संपूर्ण शास्त्र या एका उपाख्यानात सामावले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मन हरवते तेव्हा

या संकेताचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे अंतःकरणातील व्यथेने झालेला बदल. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'त पहिल्याच अंकात आपल्याला सांगितले जाते, की कण्व ऋषी सोमतीर्थाला गेले असून अतिथिसत्काराचा भार त्यांनी शकुंतलेवर सोपविला आहे. दुष्यंत आश्रमात येतो तेव्हा त्याचे स्वागत त्यानुसारच होते. चौथ्या अंकात दुर्वास येऊन हाक देतात आणि ती हाक शकुंतलेला ऐकूच येत नाही. ज्या मुलीकडे पाहुण्यांची जबाबदारी, तिलाच पाहुणा आल्याचे भान नसावे, हा विरोध कालिदासाने तीन अंक आधी पेरून ठेवला होता. फुले वेचणाऱ्या तिच्या सख्यांना या विसराचे कारण उमगते; दुर्वासांना तो अपमान वाटतो. एकाच वर्तनाचे दोन अर्थ लागतात आणि शाप चुकीच्या अर्थातून जन्मतो. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून मराठी प्रेक्षक या नाट्याशी परिचित आहे.

आधुनिक मराठी रंगभूमीवर याचे प्रखर उदाहरण विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या 1967 साली प्रथम सादर झालेल्या नाटकात सापडते. लीला बेणारे ही शिक्षिका प्रारंभी अखंड बोलत असते, हसते, सहकाऱ्यांची टिंगल करते. वेळ घालविण्यासाठी मांडलेल्या खोट्या खटल्यात तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि खेळता खेळता ती गप्प होते. हे मौन आरोपापेक्षा बोलके आहे. तिथे जमलेल्या मंडळींनाही ते कळते; पण त्यांना ती मदतीची हाक वाटत नाही, शिकारीचा माग वाटतो. संकेत ओळखणारे डोळे नेहमीच सहृदय असतात असे नाही, ही कठोर जाणीव हे नाटक देते.

देह तोच, माणूस निराळा

दुसऱ्या प्रकारात बदलाचे कारण बाहेरून आलेले असते. देहात, मनात किंवा घरात दुसऱ्याच कुणाचा शिरकाव झालेला असतो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'तील योगनंदाची कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. वररुची, व्याडी आणि इंद्रदत्त या तिघांना गुरुदक्षिणेसाठी एक कोटी सुवर्णमुद्रा हव्या असतात. ते नंद राजाकडे येतात तो राजा नुकताच मरण पावलेला. इंद्रदत्त योगबळाने राजाच्या मृत देहात प्रवेश करतो आणि वररुची याचक म्हणून पुढे येतो. मेलेला राजा उठून बसला आणि उठताच त्याने एका याचकाला कोटी मुद्रा देण्याची आज्ञा केली, हे पाहून मंत्री शकटाल सावध होतो. त्याच्या ध्यानात खरा प्रकार येतो. परंतु तो आरडाओरडा करीत नाही. राजपुत्र अल्पवयीन आहे, शत्रू टपलेले आहेत. तेव्हा हा तोतया राजाच तूर्त ठेवून घ्यावा, असा तो विचार करतो आणि नगरातील सर्व प्रेते तत्काळ जाळण्याचा हुकूम देतो. इंद्रदत्ताचा मूळ देहही त्यात भस्म होतो आणि त्याला परतीची वाट उरत नाही.

माधवीय 'शंकरविजया'तील अमरुक राजाच्या आख्यायिकेत हीच कल्पना उलट बाजूने येते. शंकराचार्यांनी परकायाप्रवेश केल्यावर राजा पूर्वीपेक्षा अधिक गुणी आणि ज्ञानी झालेला दिसतो, म्हणून मंत्र्यांना संशय येतो. सद्गुणसुद्धा अचानक प्रकटले तर शंकेचे कारण ठरतात, ही गमतीदार आणि खोल निरीक्षणाची गोष्ट आहे.

पाश्चात्त्य साहित्यात या प्रकाराची दोन उदाहरणे विशेष प्रसिद्ध आहेत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या 1886 सालच्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' या कादंबरीत जेकिलचा जुना नोकर पूल एका रात्री वकील अटरसन यांच्याकडे धावत येतो. बंद खोलीतून येणारा आवाज आपल्या मालकाचा नाही, पावलांची चाल त्यांची नाही, असे त्याचे म्हणणे असते. वीस वर्षे त्या घरात काढलेल्या माणसाची ही साक्ष आहे. विद्वान मित्रांना जे समजत नाही, ते नोकराला पावलांवरून समजते.

अमेरिकी लेखक जॅक फिनी यांची 'द बॉडी स्नॅचर्स' ही कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी डॉन सीगल यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात विल्मा नावाची स्त्री सांगते, की आपले आयरा काका हे आयरा काका नाहीत. चेहरा, आवाज, आठवणी सारे जसेच्या तसे आहे. बोलताना नजरेत जो जिव्हाळा उमटत असे, तेवढा नाही. डॉक्टर तिची समजूत घालतात. खरे तर परग्रहावरून आलेल्या बीजांतून माणसांच्या हुबेहूब प्रतिकृती तयार होत असतात आणि त्यांत भावना सोडून सर्व काही असते. पुरावा म्हणून दाखविता येईल असे विल्माजवळ काही नाही, हे या कथेतील भयाचे मर्म आहे.

फाझिल दिग्दर्शित 'मणिचित्रताळ' या 1993 सालच्या मल्याळम चित्रपटात, आणि त्यावर आधारित 2007 सालच्या 'भूलभुलैया' या हिंदी चित्रपटात, या संकेताचा आणखी एक उपयोग दिसतो. मल्याळम चित्रपटातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. सनी बदलाची वाट पाहत बसत नाहीत. तो मुद्दाम घडवून आणतात. बाहेर निघालेल्या गंगाला अडविण्यास ते तिच्या पतीला सांगतात आणि सौम्य, हसतमुख गंगाच्या तोंडून अकस्मात दुसराच करडा आवाज उमटतो. डोळ्यांनी पाहिल्यावाचून पतीचा विश्वास बसला नसता.

जाणूनबुजून घेतलेले सोंग

काही वेळा पात्र हेतुपुरस्सर स्वतःसारखे वागणे सोडते. ट्रोजन युद्धाला जावे लागू नये म्हणून ओडिसियसने वेडाचे सोंग घेतल्याची ग्रीक कथा आहे. शहाणपणाबद्दल ख्यात असलेला हा राजा नांगराला विजोड जनावरे जुंपतो आणि शेतात मीठ पेरतो. पालामिडीज त्याच्या तान्ह्या मुलाला नांगरापुढे ठेवतो; ओडिसियस नांगर वळवितो आणि सोंग उघडे पडते. वेड्याचा वेष घेता आला, पित्याचा स्वभाव टाकता आला नाही.

शेक्सपिअरचा हॅम्लेट हा या परंपरेचा सर्वांत थोर वारसदार. पित्याच्या खुनाचा शोध घेण्यासाठी तो वेडाचा आव आणतो. पण त्याचे दुःख खरे असल्यामुळे सोंग कुठे संपते आणि व्यथा कुठे सुरू होते, हे प्रेक्षकालाही नेमके सांगता येत नाही. विस्कटलेल्या पोशाखात तो ओफिलियापुढे येऊन उभा राहतो, तेव्हा पोलोनियस त्याचा अर्थ प्रेमभंग असा लावतो. क्लॉडियस राजाला तो अर्थ पटत नाही, कारण त्याच्या मनात पाप आहे. प्रत्येक जण आपापल्या मनाप्रमाणे हॅम्लेटला वाचतो. गोपाळ गणेश आगरकरांनी 1883 साली या नाटकाचे मराठी रूपांतर केले तेव्हा त्याला 'विकारविलसित' असे अन्वर्थक नाव दिले.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या 'द डाइंग डिटेक्टिव्ह' (1913) या कथेत शेरलॉक होम्स मरणासन्न असल्याचे नाटक करतो. असंबद्ध बडबडतो, डॉ. वॉटसनच्या वैद्यकीय ज्ञानाचा अपमान करतो आणि त्याला जवळ येऊ देत नाही. वॉटसन दुखावला जातो. शेवटी होम्स कारण सांगतो. वॉटसन कुशल वैद्य आहे. तो जवळ आला असता तर सोंग त्याने क्षणात ओळखले असते. ज्याला आपली नाडी ठाऊक, त्यालाच दूर ठेवावे लागते, हा सोंगाचा पहिला नियम या कथेने सांगितला आहे.

याच लेखकाच्या 'सिल्व्हर ब्लेझ' (1892) या कथेत संकेत देणारे पात्र कुत्रा आहे. रात्री तबेल्यात कुणी तरी शिरले आणि शर्यतीचा घोडा घेऊन गेले. राखणीचा कुत्रा मात्र भुंकला नाही. या न घडलेल्या गोष्टीवरून होम्स निष्कर्ष काढतो, की आलेला मनुष्य कुत्र्याच्या परिचयाचा होता. जे व्हायला हवे होते ते झाले नाही, हेही वर्तनच आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चुकलेले वाचन

संकेत मिळूनही तो चुकीचा वाचला जाणे, हे शोकान्तिकेचे एक मोठे उगमस्थान आहे. दशरथाला बदल दिसतो. पण तो रुसवा आहे असे समजून तो तिची मनधरणी करू लागतो. आजार असेल तर वैद्य बोलावतो, कुणी अपमान केला असेल तर शासन करतो, असे म्हणत अखेर रामाची शपथ घेऊन हवे ते देण्याचे वचन देतो. राम आणि भरत यांत मला भेद नाही, असे थोड्याच वेळापूर्वी म्हणणारी आणि अभिषेकाची वार्ता ऐकून मंथरेला अलंकार देणारी ही स्त्री जमिनीवर का पडली आहे, हा प्रश्न आधी आणि वचन नंतर, असा क्रम असता तर रामायण घडले नसते.

त्याच ग्रंथात अरण्यकांडात याच्या उलट प्रसंग आहे. मारीच मरताना रामाच्या आवाजात हाक मारतो. लक्ष्मण ठामपणे सांगतो, की ही राक्षसाची माया आहे. राम असा आक्रोश करणार नाही. त्याचे वाचन अचूक असते. परंतु भयाने व्याकूळ झालेली सीता त्याला असे कठोर शब्द बोलते, की जे तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलेले नसतात, आणि त्याला जावेच लागते. रामाचा खोटा आवाज त्याने ओळखला. सीतेच्या खऱ्या आवाजातील परकेपणापुढे मात्र त्याचा निरुपाय झाला.

'ऑथेल्लो'त हा संकेत भर दरबारी येतो. व्हेनिसहून आलेल्या लोडोविकोसमोर ऑथेल्लो डेस्डिमोनाला मारतो. ज्याच्या धीरोदात्तपणाची साऱ्या सिनेटने वाखाणणी केली तोच का हा, असे लोडोविको थक्क होऊन विचारतो. दुर्दैव असे, की हा प्रश्न तो विचारतो इयागोला. बदल घडविणाराच बदलाचा भाष्यकार होऊन बसतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'झुंझारराव' या 1890 सालच्या रूपांतराने हे नाटक मराठीत रुजविले.

काही वेळा वाचन चुकत नाही, टाळले जाते. राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांच्या 'दुविधा' या कथेत लग्नानंतर लगेच व्यापाराला गेलेल्या तरुणाचे रूप घेऊन एक भूत घरी येते. पैशापुढे दुसरे काही न सुचणारा मुलगा असा अर्ध्या वाटेवरून परत आलाच कसा, हा प्रश्न बापाला पडायला हवा. पण हा मुलगा रोज सोन्याच्या मोहरा हातावर ठेवतो आणि शेठजींची शंका विरून जाते. मणी कौल यांनी 1973 साली आणि अमोल पालेकर यांनी 'पहेली' या नावाने 2005 साली ही कथा पडद्यावर आणली. बदल सोयीचा असला की तो दिसत नाही, हे मानवी स्वभावाचे वर्म तिथे अचूक पकडले आहे.

विनोदी नाटकांत याच चुकीच्या वाचनातून हशा निर्माण होतो. 'कॉमेडी ऑफ एरर्स'मधील एड्रियाना परक्याला नवरा समजते आणि त्याच्या वागण्यावरून त्याला वेड लागले असे मानून मांत्रिक बोलावते. गुलजार यांचा 'अंगूर' (1982) याच नाटकावर आधारलेला आहे. शोकान्तिकेत माणूस तोच असून परका वाटतो. इथे माणूस खरोखरच परका असून तो आपला वाटतो.

शास्त्रकारांची दृष्टी

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त पात्राकडून सुसंगतीची अपेक्षा केली आहे. पात्र मुळात विसंगत असेल, तर त्याची विसंगतीही सुसंगत असावी, असे तो सांगतो. ऑलिसमधील इफिजिनिया आधी प्राणांची भीक मागते आणि नंतर धैर्याने मृत्यूला सामोरी जाते, हे त्याला खटकले होते. या नियमाच्या पार्श्वभूमीवर प्रस्तुत संकेताचे महत्त्व कळते. नियम पक्का असेल तेव्हाच त्याच्या भंगाला अर्थ प्राप्त होतो.

भरताने 'नाट्यशास्त्रा'त स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. अंगाला कंप सुटणे, आवाज चिरकणे, चेहऱ्याचा रंग उडणे या गोष्टी मन एकाग्र झाल्यावाचून साधत नाहीत, असे तो म्हणतो. शब्दांनी लपविलेले शरीर सांगते, ही जाण त्यामागे आहे. चांगला नट संवादात 'काही नाही' म्हणतो आणि त्याच क्षणी स्वरभंगाने 'बरेच काही' सुचवितो.

यावरून लेखकासाठी एक कसोटी निघते. वर्तनातील बदलाला कथेत कारण आहे का आणि तो बदल कुणाच्या तरी लक्षात येतो का? दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकांत सोशिक सून एका सोमवारी कारस्थानी होते आणि घरातील कुणालाही त्याचे आश्चर्य वाटत नाही. तिथे बदल कथानकाच्या गरजेपोटी आलेला असतो; त्याला संकेत म्हणता येत नाही. प्रेक्षकाला हा फरक शब्दांत सांगता आला नाही तरी जाणवतो, आणि तो म्हणतो, 'ही अशी वागणार नाही.' ही तक्रार करताना तो त्या पात्राला लेखकापेक्षा अधिक ओळखत असतो.

कथेबाहेर

विल्माच्या अनुभवाशी साम्य असलेली एक वैद्यकीय अवस्था प्रत्यक्षात आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ काप्ग्रा आणि त्यांचे सहकारी जाँ रबूल-लाशो यांनी 1923 साली तिचे वर्णन केले. अशा रुग्णाला आपल्या निकटच्या व्यक्तीच्या जागी हुबेहूब दिसणारा तोतया आला आहे असे ठामपणे वाटते. चेहरा ओळखला जातो, पण त्याबरोबर उमटणारी आपुलकीची जाणीव उमटत नाही, अशी याची एक उपपत्ती मांडली जाते. इथे बदल समोरच्या माणसात झालेला नसून पाहणाऱ्याच्या मेंदूत झालेला असतो.

तथापि बहुसंख्य घरांत प्रश्न उलट असतो. बदल खरा असतो आणि तो नजरेआड होतो. वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागली, भ्रमिष्टासारखी वागू लागली किंवा कमालीची सुस्त झाली, तर त्यामागे संसर्ग, औषधांचा दुष्परिणाम किंवा शरीरातील क्षारांचे बिघडलेले प्रमाण असू शकते आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. 'वय झाले' असे म्हणून ते सोडून दिले जाते. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात, ज्यात मेंदूचे पुढचे आणि बाजूचे भाग बाधित होतात, स्मृतीच्या आधी स्वभावच बदलतो. जन्मभर भिडस्त असलेला मनुष्य उद्धट बोलू लागतो आणि घरचे त्याच्यावर रागावतात. नैराश्याने ग्रासलेली तरुण मुलगी मैत्रिणींना टाळते आणि तिला आळशी ठरविले जाते. प्रत्येक बदल संकट असतो असे मुळीच नाही. माणसे वाढतात, शिकतात, कंटाळतात. पण विचारपूस करण्याइतके कारण त्यात निश्चित असते.

डॉक्टर रुग्णाला प्रथमच पाहत असतो. त्याला परिपाठ ठाऊक नसतो. म्हणून तो नातेवाइकांना विचारतो, 'हे एरवी कसे असतात?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही तपासणीत मिळत नाही. ते पूलसारख्या वीस वर्षे घरात वावरलेल्या माणसाजवळ असते.

नलाचे द्यूत दमयंतीला थांबविता आले नाही. तो बदल साऱ्या निषध नगरीने पाहिला होता, मंत्र्यांनी पाहिला होता, पुष्करानेही पाहिला होता. रथ जोडायला मात्र तिनेच सांगितले. पुढे वनवास, वियोग आणि दारिद्र्य वाट्याला आले, तरी त्या सर्व काळात दोन मुले कुंडिनपुरी आजोळी सुखरूप होती.